बघणाऱ्यांचे कोंडाळे

मधली सुट्टी संपवून वर्गात शिरताना शिक्षकांना पुष्कळदा एक ओळखीचे दृश्य दिसते. एक मुलगा मान खाली घालून बसलेला असतो, त्याचे दप्तर भलत्याच बाकाखाली पडलेले असते आणि बाकीचा वर्ग एकाएकी फार शहाण्यासारखा गप्प झालेला असतो. आपण विचारतो, "कोणी केले हे?" मागून कोणीतरी दबक्या आवाजात एक नाव सांगते. त्या मुलाला उभे करून आपण रागावतो, माफी मागायला लावतो आणि फळ्यावर गणित लिहायला घेतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच घडते.

ह्या साऱ्या प्रसंगात आपण दोन मुलांकडे पाहिले. वर्गात मात्र पन्नास मुले होती. उरलेली अठ्ठेचाळीस मुले त्या वेळी काय करत होती? हा साधा प्रश्न. पण तो नीट विचारायला शास्त्रज्ञांनाही जवळजवळ शंभर वर्षे लागली. तोपर्यंत कधी छळणाऱ्या मुलाच्या स्वभावात, कधी छळ सोसणाऱ्याच्या दुबळेपणात, तर कधी चारित्र्याच्या धड्यांत उत्तर शोधले जात होते. त्या शोधाची हकिकत शिक्षकांनी माहीत करून घ्यावी अशी आहे, कारण त्यातल्या बहुतेक चुका आपणही आपल्या वर्गात रोज करत असतो.

'मुलेच ती, चालायचेच'

शाळेतला छळ शाळेइतकाच जुना असावा. इंग्लंडमधील रग्बी शाळेवर आधारलेली टॉमस ह्यूजेस यांची 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही कादंबरी १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातला फ्लॅशमन हा दांडगट विद्यार्थी इंग्रजी वाचकांच्या कायमचा लक्षात राहिला. पण पुस्तकात वाचून हळहळणे वेगळे आणि शाळेत त्याचा बंदोबस्त करणे वेगळे. मुलगा असा त्रास सोसूनच कणखर होतो, ही समजूत त्या काळी घरोघरी होती. आपल्याकडेही ती अजून पुरती गेलेली नाही.

ह्या विषयाकडे अभ्यासाच्या नजरेने पाहणारा पहिला महत्त्वाचा लेख फ्रेडरिक बर्क या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १८९७ मध्ये लिहिला. चिडवणे आणि छळणे ह्या प्रकारांची उदाहरणे गोळा करून त्याने त्यांची कारणे शोधण्याचा प्रयत्न केला. पण पुढची सत्तर वर्षे ह्या वाटेने फारसे कोणी गेले नाही. दरम्यान शास्त्रज्ञ एका मोठ्या वाटणाऱ्या प्रश्नामागे लागले होते. मुलाचे चारित्र्य मोजता येईल का, हा तो प्रश्न.

प्रामाणिकपणाची परीक्षा

१९२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी चारित्र्याच्या मोजमापाचा एक प्रचंड उपक्रम सुरू केला. शाळा, धर्मसंस्था आणि मुलांच्या संघटना मुलांना सद्गुण शिकवण्यावर बराच खर्च करत होत्या. त्याचा उपयोग होतो का, हे त्यांना पाहायचे होते. आठ ते सोळा वर्षे वयाची सुमारे अकरा हजार मुले ह्या पाहणीत होती.

त्यांच्या युक्त्या पाहण्यासारख्या आहेत. मुलांची एक चाचणी घेऊन उत्तरपत्रिका गोळा करायच्या, रातोरात त्यांची गुपचूप नक्कल करून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी मूळ पत्रिका बरोबर उत्तरांसह मुलांकडेच तपासायला द्यायच्या. कोणी किती उत्तरे हळूच बदलली ते नकलेशी ताडून कळे. दुसऱ्या एका चाचणीत डोळे मिटून कागदावरच्या लहान वर्तुळांत खुणा करायच्या असत. सगळ्या खुणा बरोबर वर्तुळात पडल्या तर त्या मुलाने डोळे किलकिले केले होते हे उघड होते. खोटे बोलणे, पैसे उचलणे, दुसऱ्यासाठी काही सोडणे, ह्या सर्वांसाठी अशाच चाचण्या होत्या. १९२८ ते १९३० या काळात तीन जाड खंडांत निष्कर्ष छापून आले.

ते वाचून अनेकांना धक्का बसला. एका प्रसंगी प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या प्रसंगीही तसेच राहील, असे सांगता येत नव्हते. दोन वेगळ्या चाचण्यांमधला सहसंबंध सरासरीने जेमतेम ०.२३ भरला. सहसंबंध १ असता तर एका चाचणीवरून दुसरीचे भाकीत अचूक करता आले असते. शून्य असता तर मुळीच करता आले नसते. ०.२३ म्हणजे शून्यापासून फार दूर नव्हे. 'कसे वागावे' ह्या प्रश्नांची उत्तम उत्तरे देणारी मुले प्रत्यक्षात तसे वागत होतीच असे नाही. रविवारच्या धार्मिक वर्गांना नियमित जाणाऱ्या आणि क्वचित जाणाऱ्या मुलांमध्येही म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

पुढे १९६३ मध्ये रॉजर बर्टन यांनी हीच आकडेवारी पुन्हा तपासली. मुलामुलांत थोडा टिकाऊ फरक असतो, असे त्यांना आढळले. म्हणजे चारित्र्य ही निव्वळ कल्पना आहे असे नव्हे. पण ते खिशातल्या नाण्यासारखे नसते, की एकदा मिळाले आणि कुठेही नेले तरी तेवढेच राहिले.

ह्या खंडांतला आणखी एक निष्कर्ष मात्र गाजावाजा न होता राहून गेला. फसवणुकीचे प्रमाण वर्गावर्गांत वेगवेगळे होते. एकाच वर्गातल्या मित्रांच्या वागण्यात साम्य आढळे. शिक्षक आणि मुले यांचे संबंध जिथे जिव्हाळ्याचे होते, तिथे फसवणूक कमी होती. मुलाचे वागणे त्याच्या एकट्याच्या मनावर अवलंबून नसते, ते त्याच्या वर्गावरही अवलंबून असते, ही गोष्ट १९२८ मध्येच आकड्यांत दिसली होती.

कोंबड्या, पक्षी आणि एक स्वीडिश डॉक्टर

छळाच्या अभ्यासाचा धागा पुन्हा सापडला तो पक्ष्यांच्या अभ्यासात. थोर्लेइफ श्येल्डेरूप-एब्बे या नॉर्वेजियन तरुणाला लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करण्याचा नाद होता. कोणती कोंबडी कोणाला टोचते याच्या नोंदी तो ठेवी. त्याच्या लक्षात आले की खुराड्यात हे टोचणे कसेही होत नाही. पहिली कोंबडी सर्वांना टोचते, दुसरी पहिलीखेरीज सर्वांना, आणि तळाच्या कोंबडीला सगळ्याच टोचतात. ही 'टोचण्याची उतरंड' त्याने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली.

दुसरा धागा कोनराड लोरेंझ यांचा. प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आक्रमकतेवरील त्यांच्या १९६३च्या ग्रंथात लहान पक्षी एकवटून शत्रूवर तुटून पडतात त्याचे वर्णन आहे. हे दृश्य आपणही पाहिलेले असते. भर दिवसा झाडावर घुबड दिसले की कावळे, साळुंक्या आणि बुलबुल जमतात आणि कलकलाट करून त्याला हुसकून लावतात. इंग्रजीत ह्याला 'मॉबिंग' म्हणतात.

हा शब्द शाळेत आणला पीटर-पॉल हाइनेमान या स्वीडनमधल्या डॉक्टरने. त्याने दत्तक घेतलेला मुलगा कृष्णवर्णीय होता आणि इतर मुले टोळीने त्याच्या मागे लागत. हाइनेमानने १९६९ मध्ये ह्यावर लेख लिहिला आणि त्यात 'मॉबनिंग' हा शब्द योजला. १९७२ मध्ये त्याचे त्याच विषयावरचे पुस्तक आले. स्वीडनमध्ये एकच चर्चा उसळली. आजवर ज्या गोष्टीला नाव नव्हते तिला नाव मिळाले आणि पालक आपापल्या मुलांच्या हकिकती सांगू लागले.

नाव मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. मराठीत चेष्टा, थट्टा, खोडी, टवाळी, दादागिरी, छळ असे कितीतरी शब्द आहेत. ह्यांतला कोणता शब्द आपण वापरतो त्यावर आपण काय करणार हे ठरते. 'चेष्टा केली' म्हटले की सोसणाऱ्याने हसून सोडून द्यायचे. 'छळ केला' म्हटले की कोणीतरी मोठ्याने उठून जायचे.

तरीही पक्ष्यांची उपमा जपून वापरली पाहिजे. घुबड बलवान असते आणि त्याच्यावर तुटून पडणारे पक्षी दुबळे. शाळेत नेमके उलटे घडते. तिथे बलवान मुले दुबळ्याला घेरतात. शिवाय 'निसर्गच असा आहे' हे एकदा मान्य केले की शिक्षकाला करण्यासारखे काही उरत नाही.

ओल्वेउस यांचे मोजमाप

डान ओल्वेउस (१९३१–२०२०) या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाला 'टोळी' ही कल्पनाच अपुरी वाटली. एखाद्या दिवशी जमाव खवळतो आणि शांत होतो, तसे हे नसते. रोज तीच दोन-तीन मुले त्याच एका मुलाच्या मागे असतात. स्टॉकहोम परिसरातल्या बारा ते सोळा वर्षांच्या सुमारे हजार मुलग्यांचा अभ्यास करून त्यांनी १९७३ मध्ये पुस्तक लिहिले. छळ सोसणाऱ्या मुलासाठी त्यांनी वापरलेला स्वीडिश शब्द 'सर्वांनी टोचलेले कोंबडीचे पिल्लू' अशा अर्थाचा आहे. १९७८ मध्ये पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती आली.

पुढे त्यांनी छळाची जी व्याख्या केली ती आज जगभर वापरली जाते. तिच्यात तीन गोष्टी आहेत. वागणे मुद्दाम दुखावणारे असते, ते पुन्हा पुन्हा होते आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. बळ म्हणजे केवळ दंड नव्हे. संख्या, लोकप्रियता, बोलण्याची धार हेही बळच. मारणे, नावे ठेवणे आणि खेळातून किंवा गप्पांतून वगळणे, हे तिन्ही प्रकार त्यात येतात.

शिक्षकाला ह्या व्याख्येचा रोजचा उपयोग आहे. बॅटसाठी भांडणारी तुल्यबळ मुले असतील तर दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवावा. पण रोज एकच मुलगा मार खात असेल तर "दोघेही हात मिळवा" म्हणणे हा त्याच्यावरचा आणखी एक अन्याय होतो. त्याने समेट करावा असे त्याने काही केलेलेच नसते.

ओल्वेउस यांनी अनेक रूढ समजुती आकड्यांवर घासून पाहिल्या. वर्ग मोठा किंवा शाळा मोठी म्हणून छळ जास्त, असे त्यांना आढळले नाही. छळणारा मुलगा मनातून घाबरलेला असतो, ही लाडकी समजूतही खरी ठरली नाही. अशा मुलांत भीती आणि असुरक्षितता सरासरीइतकी किंवा त्याहून कमीच होती. शाळेच्या वाटेवर होणाऱ्या त्रासापेक्षा शाळेच्या आवारात होणारा त्रास जास्त होता. आणि मधल्या सुट्टीत जिथे देखरेखीला जास्त शिक्षक असत, तिथे छळ कमी होता.

जाडेपणा, चष्मा, केसांचा रंग अशा बाह्य वेगळेपणामुळे मूल बळी ठरते, ही समजूतही त्यांच्या पाहणीत टिकली नाही. शारीरिक दुबळेपणा सोडला तर ह्या मुलांत इतरांपेक्षा वेगळेपणा जास्त नव्हता. काही ना काही वेगळेपण बहुतेक सर्वांतच असते. छळणारा त्यातले सोयीचे तेवढे उचलतो. मात्र हा निष्कर्ष १९७०च्या दशकातल्या, बऱ्याच एकजिनसी समाजातला आहे. युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगातल्या ३२ टक्के विद्यार्थ्यांना आदल्या महिन्यात एकदा तरी छळ सोसावा लागला होता. कारण म्हणून मुलांनी सर्वांत जास्त वेळा सांगितले ते रूप, आणि त्याखालोखाल वंश, राष्ट्रीयत्व किंवा कातडीचा रंग.

तीन मुलांचे मरण

१९८२च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत दहा ते चौदा वर्षे वयाच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांकडून झालेला तीव्र छळ हेच त्याचे कारण असावे, अशी वृत्तपत्रांत बातमी आली आणि देश हादरला. १९८३च्या शरद ऋतूत नॉर्वेच्या शिक्षण मंत्रालयाने छळाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू केली. ओल्वेउस तेव्हा बर्गन येथे प्राध्यापक होते. त्यांची प्रश्नावली ७१५ शाळांमधल्या सुमारे १,३०,००० मुलांनी नाव न लिहिता भरून दिली. सुमारे ९ टक्के मुले छळ सोसत होती, ७ टक्के मुले इतरांना छळत होती. थोडीशी मुले दोन्ही गटांत होती.

बर्गनमधल्या ४२ शाळांतल्या सुमारे अडीच हजार मुलांवर अडीच वर्षे लक्ष ठेवण्यात आले. उपाय अगदी साधे होते. मोठ्या माणसांनी मुलांशी मायेने वागायचे, पण काय चालणार नाही ते ठामपणे सांगायचे. नियम मोडला तर दर वेळी शिक्षा, पण ती अपमान करणारी किंवा मारहाणीची नाही. वर्गाचे नियम मुलांशी बोलून ठरवायचे, दर आठवड्याला त्यावर चर्चा करायची, सुट्टीत देखरेख वाढवायची आणि प्रसंग घडलाच तर दोन्ही मुलांशी आणि पालकांशी वेगवेगळे बोलायचे. छळाचे प्रमाण पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त घटल्याचे ओल्वेउस यांनी जाहीर केले.

पण त्याच देशव्यापी मोहिमेचा रोगालांड भागातला परिणाम एर्लिंग रोलांड यांनी तीन वर्षांनी तपासला, तेव्हा तिथे असे यश दिसले नाही. काही बाबतींत छळ थोडा वाढलाच होता. हा फरक का पडला ह्यावर बराच वाद झाला. एक गोष्ट मात्र दोन्हीकडून पुढे आली. बर्गनमध्ये शाळांना त्यांची स्वतःची आकडेवारी समजावून दिली जात होती आणि संशोधक सतत संपर्कात होते. रोगालांडमध्ये साहित्य पोचले आणि पुढचे शाळांवर सोपवले गेले. तिथेही ज्या शाळांनी मनापासून काम केले, त्यांची स्थिती बरी होती. पेटीतून आलेली पुस्तिका कपाटात ठेवून वर्ग सुधारत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

कॅमेरा कोंडाळ्याकडे वळतो

१९९०च्या दशकात कॅनडात डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग यांनी टोरांटोच्या शाळांत एक नवा प्रयोग केला. मुलांच्या अंगावर लहान मायक्रोफोन लावले आणि मैदानाचे दुरून चित्रीकरण केले. त्यात जे दिसले ते प्रश्नावलीत कधी दिसले नसते. छळाच्या सुमारे ८५ टक्के प्रसंगांत इतर मुले हजर किंवा सामील होती. शिक्षकांनी हस्तक्षेप केला तो फक्त ४ टक्के प्रसंगांत. शिक्षक निष्काळजी होते म्हणून नव्हे. प्रसंग क्षणात घडून जात आणि मोठ्यांच्या नजरेआड घडत.

१९९९ मध्ये अशा ५३ चित्रफितींचे बारकाईने विश्लेषण झाले. जमलेली मुले ५४ टक्के वेळ नुसती बघत होती, २१ टक्के वेळ छळणाऱ्याला साथ देत होती आणि २५ टक्के वेळ सोसणाऱ्याची बाजू घेत होती. दोन वर्षांनी आणखी एक निष्कर्ष आला. सोबत्यांनी मध्ये पडण्याचे प्रसंग १९ टक्केच होते. पण पडले तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला.

दहा सेकंद! जे काम आपल्या तासभराच्या उपदेशाने होत नाही, ते एखाद्या मुलीच्या "ए, सोड त्याला" एवढ्या शब्दांनी होते.

फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये सहावीतल्या ५७३ मुलांना विचारून प्रत्येकाची भूमिका ठरवली. छळणारे सुमारे ८ टक्के, त्यांचे मदतनीस ७, हसून-ओरडून प्रोत्साहन देणारे जवळपास २०, बाजूला राहणारे २४, बचाव करणारे १७ आणि छळ सोसणारे १२ टक्के. उरलेल्या मुलांची भूमिका स्पष्ट नव्हती. प्रोत्साहन देणाऱ्यांत मुलगे जास्त, बचाव करणाऱ्यांत मुली जास्त. हे आकडे मिळाल्यावर कोंडाळ्याचे चित्र पुरे झाले. छळणारा एकटा नसतो. त्याला प्रेक्षक लागतात आणि ते त्याला फुकट मिळतात.

पण ही मुले दुष्ट असतात का? बहुतेकांना छळ आवडत नाही, असे ती विचारल्यावर सांगतात. मग ती गप्प का बसतात? १९६८ मध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी एक प्रयोग केला होता. फॉर्म भरत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या खोलीत झरोक्यातून धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के विद्यार्थी उठून सांगायला गेले. शेजारी प्रयोगकर्त्याची दोन माणसे ढिम्म बसलेली असतील, तेव्हा फक्त १० टक्के उठले. कोणीच हलत नाही म्हणजे काही बिघडले नसावे, असे प्रत्येकाने इतरांकडे बघून ठरवले. वर्गातही तसेच होते. चाळीस मुलांना मनातून वाईट वाटते आणि आपण एकटेच असे वाटून घेतो, असा चाळीसही जणांचा समज असतो.

कीवा, आणि आठवीची अडचण

ह्या अभ्यासावर फिनलंडने 'कीवा' हा कार्यक्रम उभा केला. 'छळाविरुद्ध' ह्या अर्थाच्या फिनिश शब्दांचे हे लघुरूप. शिवाय 'कीवा' म्हणजे 'छान'. तुर्कू विद्यापीठाने सरकारी मदतीने २००६ पासून तो तयार केला. त्याचा रोख सरळ बघणाऱ्यांवर होता. बाजूला राहणाऱ्यांनी काय करावे याचे धडे, संगणकावरचे खेळ, सुट्टीत देखरेख करणाऱ्यांना ठळक रंगाची जाकिटे आणि प्रसंग हाताळायला शाळेतल्या मोठ्यांचे छोटे पथक. वर्गात ज्यांचा शब्द चालतो अशा दोन ते चार मुलांना विश्वासात घेऊन सोसणाऱ्याच्या पाठीशी उभे राहायला सांगितले जाई. चौथी ते सहावीच्या ७८ शाळांत, आठ हजारांहून जास्त मुलांवर झालेल्या चाचणीत छळ स्पष्टपणे कमी झाला आणि २००९ पासून कार्यक्रम देशभर गेला.

मात्र सातवी ते नववीत कीवाचा परिणाम फिका पडला. तेच इतरत्रही दिसले. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १९ अभ्यासांची एकत्र तपासणी केली. असे कार्यक्रम सातवीपर्यंत उपयोगी पडतात, आठवीपासून सरासरी परिणाम शून्याजवळ जातो, असे त्यांना आढळले. ह्याचे एक कारण अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सापडते. पाचवी ते नववीपर्यंत त्याच मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा वय वाढेल तसे वगळणे, अफवा उठवणे असे वागणारी मुले जास्त 'भाव असलेली' ठरू लागली, पण आवडती मात्र कमी. ह्या वयात सोबत्यांचे मत शिक्षकांच्या मतापेक्षा जड होते. म्हणून तेरा वर्षांच्या मुलाला "असे वागू नये" हा धडा ऐकवला तर तो लहान मुलाचा धडा वाटतो. त्याला निर्णयात सामील करून घेतले तर गोष्ट वेगळी होऊ शकते.

यशाचे प्रमाणही नीट समजून घ्यावे. २०१९ मध्ये शंभर मूल्यमापनांचा एकत्र विचार झाला. कार्यक्रमांमुळे छळणे सुमारे १९–२० टक्क्यांनी आणि छळ सोसणे १५–१६ टक्क्यांनी घटते, असा त्याचा सार निघाला. हे कमी नाही. पण काम संपत नाही. उलट ज्या वर्गात छळ कमी झाला तिथे उरलेले एखादे मूल जास्त खचते, असे फिनलंडमध्येच दिसून आले. सगळ्यांचे भागले आणि माझेच नाही, तर दोष माझ्यातच असणार, असे त्याला वाटत असावे.

आणि निव्वळ चारित्र्यशिक्षण? अमेरिकेत सात वेगवेगळ्या कार्यक्रमांची ८४ शाळांत सहा हजारांहून जास्त मुलांवर कसून चाचणी झाली. २०१० मध्ये निकाल आला: सरासरीने काही सुधारणा नाही. हार्टशॉर्न आणि मे यांना आठ दशकांपूर्वी जे दिसले, त्याचीच ही आठवण होती.

आपल्या वर्गात

आपल्याकडे ह्या विषयाला आणखी एक पदर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत साताऱ्यातल्या शालेय दिवसांविषयी लिहिले आहे. बसायला स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागे आणि शिपायाने नळ उघडला तरच पाणी मिळे. ह्यात कोणी एक दांडगट मुलगा नव्हता. शाळेची व्यवस्थाच छळणारी होती आणि सारा वर्ग तिचा प्रेक्षक होता. आज ती व्यवस्था कायद्याने गुन्हा आहे. पण वर्गात चालणारे एखादे टोपणनाव तिच्याकडूनच आलेले असू शकते. असे नाव शिक्षकांच्या कानावर पडले आणि शिक्षक नुसते हसले, तर कोंडाळ्यात एक मोठा माणूस सामील झाला. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ ह्या दोन्हींना मनाई केली आहे. वर्गात कोणाची टर उडवावी हे मुले पुष्कळदा आपल्याकडूनच शिकतात, हे त्या कलमाच्या निमित्ताने आठवावे.

सहावी ते आठवीच्या वर्गात एक छोटी पाहणी करून पाहता येईल. शाळेचा साधा नकाशा काढून त्याच्या प्रती मुलांना द्या. नाव न लिहिता, जिथे भीती वाटते त्या जागी प्रत्येकाने फुली करायची. नळाजवळ, स्वच्छतागृहाच्या वाटेवर, जिन्याखाली अशा कुठे फुल्या जमतात ते दिसेल. कोणाचेही नाव विचारू नका, अक्षरावरून ओळखायचा प्रयत्न करू नका. पुढच्या आठवड्यापासून सुट्टीत त्या जागी आळीपाळीने एक शिक्षक उभा राहू द्या आणि महिन्याने पुन्हा नकाशे भरून घ्या. हे मोजमाप ढोबळ असले तरी खरे आहे, आणि निकाल वर्गाला दाखवता येतो. आपल्याप्रमाणेच इतरांनाही हे नकोसे आहे, हे मुलांना त्यातून पहिल्यांदा कळते.

प्रसंग घडलाच तर सोसणाऱ्या मुलाशी एकांतात बोलावे, सर्वांसमोर त्याला साक्षीला उभे करू नये. छळणाऱ्याशीही वेगळे बोलावे. त्याच्यावर कायमचा शिक्का मारू नये, कारण तोही दुसऱ्या वर्गात, दुसऱ्या सोबत्यांत वेगळा वागू शकतो. आणि मग उरलेल्या वर्गाकडे वळावे. मूल्यशिक्षणाच्या तासाला धैर्यावर बोलण्यापेक्षा, काल नळाजवळ जी मुलगी पुढे झाली तिला जाता जाता "बरे केलेस" म्हणावे. हिशोब वर्गाच्या लक्षात येतो.

"कोणी केले हे?" हा प्रश्न विचारावाच लागेल. पण त्यानंतर आणखी एक प्रश्न, आवाज न चढवता, सगळ्या वर्गाला विचारावा: "तेव्हा तुम्ही कुठे उभे होता?" उत्तर लगेच येणार नाही. ते न आले तरी चालेल. मुले ते घरी घेऊन जातील.